हाडाचे कलावंत बलराज साहनी

बलराज साहनी यांचा जन्म १ मे १९१३ रोजी रावळपिंडी येथे एका सुखवस्तू व्यापाऱ्याच्या घरी झाला. हे शहर आज पाकिस्तानात आहे. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून ते इंग्रजी विषयात एम. ए. झाले. मुलाने आपला व्यापार सांभाळावा, असे वडिलांना वाटे. पण बलराजांचे मन त्यात रमेना. पत्नी दमयंती यांना घेऊन ते घराबाहेर पडले. रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात ते शिक्षक झाले. मग वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात राहून त्यांनी 'नई तालीम' या मासिकाचे काम केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते लंडनला बीबीसीवर निवेदक होते.

१९४४ मध्ये ते मुंबईला आले आणि 'इप्टा' या नाट्यसंस्थेत सामील झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांचे 'जुबेदा' हे नाटक त्यांनी बसवले. बंगालच्या दुष्काळावरील 'धरती के लाल' या १९४६ च्या चित्रपटात पतिपत्नी दोघांनीही काम केले. पुढच्याच वर्षी दमयंतींचे निधन झाले.

पुढची काही वर्षे फार हालाची गेली. रंगभूमीवर सहज वावरणारे बलराज कॅमेऱ्यासमोर मात्र अवघडून जात. त्यात आणखी एक प्रसंग ओढवला. 'हलचल' चित्रपटात त्यांना जेलरची भूमिका मिळाली आणि त्याच सुमारास राजकीय चळवळीमुळे त्यांना खरोखरीच तुरुंगात जावे लागले. कैदी बलराज परवानगी घेऊन चित्रीकरणाला येत आणि तेथे जेलर होत!

मग 'दो बीघा जमीन' आला. दिग्दर्शक बिमल रॉय यांना गरीब शेतकरी शंभूच्या भूमिकेसाठी नट हवा होता. सुटाबुटातले बलराज पाहून ते निराश झाले. हा साहेब शेतकरी कसा दिसणार? पण 'धरती के लाल'मधील त्यांच्या कामाविषयी कळल्यावर त्यांचे मत बदलले.

बलराजांनी तयारी सुरू केली. मुंबईत जोगेश्वरीला म्हशींचे गोठे होते. तेथे उत्तर भारतातून आलेले भय्ये राहत. बलराज त्यांच्यात जाऊन बसत. ते कसे चालतात, कसे बोलतात, डोक्याला गमछा कसा गुंडाळतात, हे निरखून पाहत. कलकत्त्यात ते स्वतः हातरिक्षा ओढायला शिकले. तरीही मनासारखा अभिनय होईना. एके दिवशी बिहारमधून आलेला एक म्हातारा रिक्षावाला त्यांना भेटला. बलराजांनी त्याला चित्रपटाची गोष्ट सांगितली. ती ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याचीही जमीन गावी जमीनदाराकडे गहाण पडली होती! त्या क्षणापासून बलराजांनी अभिनयाचे पुस्तकी नियम बाजूला ठेवले आणि त्या म्हाताऱ्याचे दुःख आपले मानले. १९५३ साली चित्रपट प्रदर्शित झाला. १९५४ मध्ये कान येथील महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. तेव्हा बलराज चाळिशी ओलांडून गेले होते. यश उशिरा आले, पण पक्के आले.

त्यानंतर 'अनुराधा'तील डॉक्टर, 'काबुलीवाला'तील पठाण, 'वक्त'मधील श्रीमंत लाला अशा कितीतरी भूमिका त्यांनी केल्या. एकीत दुसरीची सावली दिसत नाही. नाटक त्यांनी सोडले नाही. शिवाय ते पंजाबीत लेखनही करीत. १९६९ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली, तेव्हा ते तेथे जाऊन मुसलमान वस्तीत राहिले.

माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी भूमिका 'गर्म हवा'तील सलीम मिर्झाची. फाळणीनंतर भाऊबंद पाकिस्तानात निघून जातात. धंदा बसतो, घर जाते, तरीही हा आग्ऱ्याचा बूट कारखानदार आपले शहर सोडायला तयार होत नाही. चित्रपटात सलीमची मुलगी मरण पावते. बलराजांची स्वतःची तरुण मुलगीही १९७२ मध्येच वारली होती. तरी तो प्रसंग त्यांनी कसलाही आक्रोश न करता, केवळ चेहऱ्याने उभा केला.

या चित्रपटासाठी आपल्या आवाजाचे ध्वनिमुद्रण त्यांनी पूर्ण केले आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. 'गर्म हवा' १९७४ मध्ये पडद्यावर आला. सलीम मिर्झा लोकांनी पाहिला. बलराजांना मात्र तो पाहता आला नाही.