नाकारलेली इच्छा आणि देवाची कृपा : वसईचे संत गोन्सालो गार्सिया

मनुष्य म्हटला कीं त्याच्या पाठीशीं इच्छा आलीच. वैजापूर-गंगापूरकडील शेतकऱ्यास वेळेवर पाऊस हवा असतो. वाळूज किंवा चिकलठाणा येथील कारखान्यांत राबणाऱ्या बापास आपल्या मुलाला कायमची नोकरी लागावी असें वाटतें. आईच्या मनांत मुलीच्या सोयरिकीची काळजी असते. आणि एखाद्या तरुणाच्या अंतःकरणांत आपलें सर्वस्व देवाला वाहून टाकण्याची ओढ असते. या सर्व इच्छा आम्ही पवित्र वेदीपाशीं आणतों. त्यांतील कांहीं पुऱ्या होतात. पुष्कळ होत नाहींत. आणि इच्छा चांगली असूनहि ती पुरी झाली नाहीं, म्हणजे श्रद्धावंताच्या मनांतहि एक प्रश्न हळूच डोकें वर काढतो. वाईट मागितलें असतें, तर देवानें तें कां नाकारलें हें समजलें असतें. परंतु चांगलें मागितलें असतां तें कां नाकारावें?

या प्रश्नास पंडितांनीं मोठमोठ्या ग्रंथांतून उत्तरें दिलीं आहेत. ज्युबिलीच्या या अंकांत आम्ही वाचकांपुढें ग्रंथ न ठेवतां एका मनुष्याचें चरित्र ठेवितों. हा मनुष्य आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जन्मला. त्याची सर्वांत मोठी व सर्वांत पवित्र इच्छा नाकारली गेली. आणि आज पवित्र सभा त्यास संत म्हणून वंदन करिते.

मराठवाड्यांतील आम्हां ख्रिस्ती लोकांस या चरित्राचें एक विशेष अगत्य असावें. १८९२ सालीं घोगरगांव येथें फादर मारियन थॉमस यांनीं कार्य आरंभिलें, तेथून आमच्या या भागांतील श्रद्धेचा प्रवाह वाहूं लागला. ते व त्यांच्यामागून आलेले संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे मिशनरी घरदार सोडून दूर देशाहून आले, आमची भाषा शिकले, आमच्या भाकरीचे वाटेकरी झाले. त्यांच्या पूर्वीं तीनशें वीस वर्षें याच महाराष्ट्राचा एक कोवळा पुत्र तीच सुवार्ता घेऊन परदेशीं गेला होता व परक्यांची भाषा शिकला होता. आपण ज्या ऋणांत आहों, त्या ऋणाची थोडीशी फेड जणूं अगोदरच होऊन गेली होती.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथें झाला. १५३४ च्या तहानें वसई गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली होती, व पुढें १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती जिंकीपर्यंत त्यांच्याच ताब्यांत राहिली. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज. आई याच किनाऱ्यावरची. येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं वसईस शाळा चालविली होती. तेथें त्यांचें शिक्षण झालें. फादर सेबास्तियन गोन्साल्विस नांवाच्या धर्मगुरूंचा या मुलावर लोभ जडला. १५७२ सालीं, पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत, गोन्सालो येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत जपान देशास गेले.

संत फ्रान्सिस झेवियर यांनीं १५४९ मध्यें जपानांत पाऊल ठेविलें होतें. त्यास अजून पंचवीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. तेथील मिशनास हातांची व जिभांची फार गरज होती. परंतु जपानी भाषा सहजासहजीं वश होणारी नव्हे. तिची लिपि कठीण. त्यांतहि थोरांशीं बोलावयाची रीत एक व सामान्यांशीं बोलावयाची दुसरी. तरुण गोन्सालो यांनीं ती अशी आत्मसात केली कीं, लोक त्यांचें बोलणें आवडीनें ऐकत. सुमारें आठ वर्षें ते धर्मशिक्षक म्हणून राबले. आमच्या खेडोपाडीं जें काम मास्तर मंडळींनीं केलें, मुलांस प्रार्थना शिकविणें, नवख्यांस बाप्तिस्म्यासाठीं तयार करणें, आजाऱ्यांच्या घरीं जाणें, त्याच जातीचें हें काम होतें. त्यांत मान थोडा व पायपीट फार.

या सर्व काळांत त्यांच्या मनांत एकच इच्छा तेवत होती. ज्या संघाच्या सावलींत आपण वाढलों, त्या येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. तें त्यांनीं वरिष्ठांपुढें ठेविलें. परंतु त्यांस प्रवेश मिळाला नाहीं. त्या काळीं हिंदुस्थानांत जन्मलेल्यांस संघांत घेण्याविषयीं वरिष्ठ मंडळी फार सावध असे, हें इतिहासास ठाऊक आहे. वरिष्ठांच्या मनांत काय होतें याचा न्याय करणें हें आमचें काम नव्हे. तथापि ज्यास नकार मिळाला त्याच्या हृदयांत काय झालें असेल, याची कल्पना करणें कोणासहि अवघड नाहीं. धन मागितलें नव्हतें, मान मागितला नव्हता. केवळ सेवा करण्याची परवानगी मागितली होती. आणि दार उघडलें नाहीं.

अशा प्रसंगीं मनुष्यापुढें दोन वाटा सहज उघड्या असतात. एक कडूपणाची : ज्यांनीं नाकारलें त्यांचा व त्यांच्या देवाचाहि राग धरावयाचा. दुसरी विसरण्याची : इच्छाच मारून टाकावयाची आणि संसारांत रमावयाचें. दुसरी वाट अधिक धोक्याची, कारण ती सुखाची असते. गोन्सालो यांनीं मिशनाचें काम सोडून व्यापार आरंभिला. भाषा अवगत, स्वभाव मनमिळाऊ, लोकांचा विश्वास पाठीशीं. व्यापार चांगला चालला. पूर्वेकडील बंदरांतून त्यांचें येणें-जाणें होऊं लागलें. जगाच्या दृष्टीनें पाहिलें तर नाकारलेल्या तरुणानें आपलें बस्तान उत्तम बसविलें होतें. बहुतेक चरित्रें येथेंच संपतात. आणि तीं वाईट चरित्रेंहि नव्हेत. प्रामाणिक व्यापाऱ्यासहि स्वर्गाचें दार उघडें आहे.

परंतु कृपा कशी काम करिते हें येथेंच पाहण्यासारखें आहे. ती मोठा आवाज करीत नाहीं. मनुष्याच्या इच्छेवर राखेचे थर चढले तरी ती आंतला निखारा विझूं देत नाहीं. व्यापाराच्या निमित्तानें गोन्सालो फिलिपाइन बेटांतील मनिला शहरीं गेले. तेथें संत फ्रान्सिस असीसीकर यांचे अनवाणी चालणारे संन्यासी त्यांच्या दृष्टीस पडले. दारिद्र्यालाच वैभव मानणाऱ्या या मंडळींत ते मिळूं लागले आणि अखेरीस कमावलेलें सर्व मागें ठेवून त्यांच्या दारीं उभे राहिले. हें दार उघडलें. १५८८ मध्यें त्यांनीं संघाचीं व्रतें घेतलीं. ते धर्मगुरु झाले नाहींत. साधे धर्मबंधु झाले. म्हणजे पूर्वीं जें मागितलें होतें त्याहून लहान जागा त्यांस मिळाली, व ती त्यांनीं आनंदानें घेतली. येथें त्यांच्या इच्छेचें शुद्धीकरण झालें असें आम्हांस वाटतें. अगोदर त्यांस देवाची सेवा अमुक एका संघांत हवी होती. आतां देवाची सेवा तेवढी हवी होती, मग ती कोठेंहि असो.

आणि मग जपानचें दार, जें कायमचें मिटलें असें वाटलें होतें, तें पुन्हा उघडलें. जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी यानें १५८७ मध्येंच मिशनऱ्यांस देश सोडण्याचा हुकूम काढला होता, परंतु त्याची अंमलबजावणी ढिली होती. १५९३ मध्यें फिलिपाइनच्या गव्हर्नरानें त्याच्याकडे वकील म्हणून फ्रान्सिस्कन संघाचे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस पाठविलें. वकिलाबरोबर दुभाष्या पाहिजे. आणि जपानी भाषा जाणणारे ब्रदर गोन्सालो तेथें होतेच. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या आठ वर्षांस, संघांत प्रवेश न मिळाल्यामुळें, कोणीहि फुकट गेलेलीं वर्षें म्हटलें असतें, तींच आतां उपयोगीं पडलीं. त्या अवघड भाषेचा एक शब्दहि वायां गेला नव्हता. देवाच्या नांवानें जें शिकलें जातें, तें देव जपून ठेवितो. मात्र तें केव्हां बाहेर काढावयाचें, हें तो आपल्याकडे राखून ठेवितो.

हिदेयोशीच्या दरबारांत वकिलाचें म्हणणें गोन्सालो यांच्याच मुखानें मांडलें गेलें. संन्याशांस क्योटो शहरीं राहण्यास जागा मिळाली. तेथें त्यांनीं मंदिर बांधलें आणि महारोग्यांसाठीं रुग्णालयें उघडलीं. ज्यांस स्वतःचे आप्तहि शिवत नसत, त्यांच्या जखमा हे परदेशी धूत. वसईचा हा धर्मबंधु दरबारांत सरदारांशीं बोले आणि रुग्णालयांत महारोग्यांशीं बोले. दोहों ठिकाणीं भाषा तीच. परंतु तिचें खरें चीज दुसऱ्या ठिकाणीं झालें.

१५९६ च्या ऑक्टोबरांत मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज वादळानें जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील माल हिदेयोशीनें जप्त केला. या प्रकरणांतून असा संशय बळावला कीं, मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचें सैन्य येणार. जे महारोग्यांच्या जखमा बांधीत होते, ते राज्याचे शत्रु ठरले. ८ डिसेंबर रोजीं क्योटोच्या मठाभोंवतीं पहारा बसला. ३ जानेवारी १५९७ रोजीं बंदिवानांच्या डाव्या कानांचे तुकडे भर रस्त्यांत कापण्यांत आले आणि त्यांची शहरांतून धिंड काढण्यांत आली. नंतर भर हिवाळ्यांत त्यांस नागासाकीकडे नेण्यांत आलें. हा प्रवास सुमारें महिनाभर चालला. निघतांना ते चोवीस होते; वाटेंत त्यांच्या सेवेस आलेल्या दोघांसहि पकडून संख्या सव्वीस झाली. त्यांत सर्वांत लहान लुई इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा बालक होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीनें उभे केले गेले आणि भाल्यांनीं त्या सर्वांचे प्राण घेण्यांत आले. सहा जण फ्रान्सिस्कन संघाचे, सतरा जण प्रापंचिक ख्रिस्ती, आणि तीन जण येशूसंघाचे होते. या तिघांपैकीं दोघांस तर मरणाच्या अगदीं अगोदर त्या संघांत प्रवेश मिळाला होता. ज्या संघाचें दार गोन्सालो यांस तरुणपणीं उघडलें नाहीं, त्या संघाच्या बंधूंबरोबर ते एकाच टेकडीवर एकाच प्रभूसाठीं मरण पावले. तेथें संघ व संघ यांमधील भिंत उरली नाहीं. नाकारणारे व नाकारलेले हा भेदहि उरला नाहीं.

गोन्सालो यांच्यासह या हुतात्म्यांस १६२७ मध्यें धन्य म्हणून व ८ जून १८६२ रोजीं परमगुरु नववे पायस यांच्या हस्तें संत म्हणून गौरविण्यांत आलें. हिंदुस्थानांत जन्मलेल्यांपैकीं संतपदास पोहोंचलेले हे पहिलेच. ६ फेब्रुवारीस सर्व पवित्र सभा या सव्वीस जणांचें स्मरण करिते. वसईजवळ गास येथील मंदिर त्यांच्या नांवाचें आहे, व वसईच्या महाविद्यालयासहि त्यांचेंच नांव आहे.

वाचकहो, या चरित्रावरून असें मात्र कोणी समजूं नये कीं, नाकारलेली प्रत्येक इच्छा पुढें दुपटीनें परत मिळते. असें आश्वासन आम्ही देऊं शकत नाहीं, आणि संत गोन्सालो यांसहि तसें कोणी दिलें नव्हतें. येशूसंघांत त्यांस मरेपर्यंत प्रवेश मिळाला नाहीं. ती इच्छा ज्या रूपांत मागितली होती त्या रूपांत कधींच पुरी झाली नाहीं. त्यांचा जो गौरव आज आम्ही पाहतों, तो त्यांनीं या लोकीं पाहिला नाहीं. त्यांस दिसले तें रुग्णालयांतील रोगी, हिवाळ्यांतील वाट आणि शेवटीं क्रूस.

तरीहि त्यांचें जीवन आम्हांस एक गोष्ट निश्चित सांगतें. इच्छा पुरी करणें एवढेंच देवाच्या कृपेचें काम नव्हे. इच्छा जिवंत ठेवणें, तिच्यांतील मीपणा हळूहळू काढून टाकणें, आणि जें उरेल तें देवाच्या कामीं लावणें, हें कृपेचें याहून मोठें काम आहे. आणि हें ती मनुष्यावर बळजबरी करून करीत नाहीं. मनिलांत गोन्सालो यांस धंद्यांतच राहतां आलें असतें. कोणी त्यांचा हात धरून ओढला नाहीं. कृपेनें बोलाविलें व मनुष्यानें होकार दिला, तेव्हांच पुढचें सर्व घडलें. गेथशेमनी बागेंत प्रभु येशूनें स्वतः आपली इच्छा पित्यापुढें उघड मांडली, आणि मग ती पित्याच्या स्वाधीन केली. इच्छा मनांत असणें हें पाप नव्हे, ती लपविण्याचेंहि कारण नाहीं. मात्र ती मांडल्यावर तिच्यावरची मूठ सैल करावी लागते.

या महोत्सवाच्या वर्षीं आमच्या धर्मग्रामांत अशीं कितीतरी घरें असतील, जेथें एखादी चांगली इच्छा वर्षानुवर्षें पुरी झालेली नाहीं. कोणाची कूस उजवली नाहीं, कोणाचा मुलगा परीक्षेंत मागें पडला, कोणास सेमिनरीच्या किंवा कॉन्व्हेंटच्या दारांतून परतावें लागलें. अशांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं आपलें दुःख लपवूं नये व आपली इच्छा मारूंहि नये. आज जें काम हातीं आहे, मग तें धर्मशिक्षणाचें असो, शेताचें असो वा कारखान्यांतील असो, तें मन लावून करावें. आजच्या कामांतील कोणता शब्द देव उद्यां कोठें वापरील हें कोणास ठाऊक?

वसईचे संत गोन्सालो, ज्यांनीं नकार सोसला व प्रेम सोडलें नाहीं, ते आम्हां सर्वांसाठीं देवापाशीं विनवणी करोत. आणि आमच्या इच्छांचा धनी प्रभूच होवो. आमेन.