पंडिता रमाबाई व घरची शाळा

आमच्या गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांत रोवणीचे दिवस आले म्हणजे लहान मुलांचे शिकणे बहुधा घरावरच येऊन पडते. मग पुष्कळ माता आम्हांस विचारतात, की आम्ही अक्षरशत्रू, आम्ही मुलांस काय शिकवावे? त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर एका थोर ख्रिस्ती भगिनीच्या चरित्रात आहे. म्हणून ते आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

पंडिता रमाबाई यांचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे ज्या काळी लोक मानीत, त्या काळी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या दिली. यासाठी त्यांना पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला, तरी ते मागे हटले नाहीत. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या पेटीत निजवलेली ती मुलगी हमालाच्या डोक्यावरून त्या अरण्यातून बाहेर आली.

पुढे त्यांना ना घर मिळाले ना शाळा. परंतु त्या आठ वर्षांच्या झाल्यावर मातेने त्यांना शिकविण्यास आरंभ केला आणि पंधराव्या वर्षापर्यंत तो क्रम मोडू दिला नाही. दिवसभर चालणे, पुराण सांगणे, स्वयंपाक करणे ही कामे असत. म्हणून धडा पहाटेच होई. माता म्हणे आणि कन्या तिच्यामागून म्हणे. अशा रीतीने हजारो श्लोक मुखोद्गत झाले. याहून मोठी गोष्ट ही, की पुढे कोणाच्या फारशा मदतीवाचून स्वतःच शिकत राहण्याची शक्ती त्या मुलीच्या अंगी आली.

पण या शिक्षणात एक उणीव होती, आणि ती रमाबाईंनी स्वतःच पुढे मोकळ्या मनाने कबूल केली. दुष्काळ पडला, जवळचे द्रव्य संपले, आणि या विद्वान कुटुंबास पोट भरण्याचे एकही काम येईना. मजुरी करण्याची लाज वाटे व भीक मागवेना. अकरा दिवस त्यांनी रानात पाणी, झाडाचा पाला व थोडी रानखजुरे यांवर काढले. प्रथम पिता, मग माता, मग थोरली बहीण अशी तिघे निवर्तली. जिव्हेवर शास्त्रे होती, पण हातांस काही शिकविलेले नव्हते. ही जखम रमाबाईंच्या अंतःकरणात कायम राहिली.

पुढील वृत्तांत पुष्कळांस ठाऊक आहे. भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला व 1882 साली त्यांना वैधव्य आले. लहानग्या मनोरमेस घेऊन त्या 1883 साली इंग्लंडास गेल्या आणि तेथे 29 सप्टेंबर रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

1886 साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे जर्मन शिक्षक फ्रेबेल याची बालोद्यान पद्धती त्यांच्या पाहण्यात आली. त्या पद्धतीत मूल पुस्तकाआधी वस्तू हाती घेते. रंगीत लोकरीचा चेंडू, लाकडी गोळा व ठोकळा, तसेच आठ लहान तुकड्यांचा बनलेला एक घन, अशी तिची साधने आहेत. घन उलगडला म्हणजे चार तुकडे अर्धा, दोन तुकडे पाव, हे मुलाच्या बोटांसच कळते. मग ते विसरत नाही. कागदाच्या पट्ट्या विणणे, मातीच्या आकृती करणे हेही धडेच. विद्वत्तेने गाजलेल्या या बाईंनी लहान मुलांच्या या खेळण्यांपुढे विद्यार्थिनी होऊन बसण्यास कमीपणा मानला नाही. आपल्या मातेच्या धड्यास जे उणे होते ते येथे आहे, हे त्यांनी ओळखले असावे असे आम्हांस वाटते.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. 1897 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आजचा आमचा जिल्हा तेव्हा याच प्रांतातील भंडारा जिल्ह्यात होता. अन्नान्न करणाऱ्या मुली पाहून त्यांना आपले तरुणपण आठवले, आणि सुमारे 300 मुलींना त्यांनी आश्रय दिला. दौंडजवळील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे अक्षरांबरोबर शेती, विणकाम, शिवण, गाईंची निगा, तेल गाळणे व छापखान्यातील काम या मुली शिकल्या. अंध स्त्रिया ब्रेल लिपी बोटांनी वाचू लागल्या. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले. ते काम हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

प्रिय वाचकहो, तीमथ्याचा विश्वास प्रथम त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता, हे आपण जाणतो. मुलांना शाळेतून काढून घरी बसवावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु सुटीचा एक दिवस घरी शाळा भरवा. सकाळी आईने पवित्र शास्त्रातील एक गोष्ट तोंडी सांगावी व मुलांकडून ती पुन्हा म्हणवून घ्यावी. मग बोडीकाठच्या ओल्या मातीचा ठोकळा करून दोऱ्याने त्याचे दोन, चार, आठ भाग मुलांनीच करावेत. धानाचे दाणे दहा-दहांच्या राशींत मोजावेत. दुपारी बांबूच्या पट्ट्यांची लहान चटई विणावी, आणि संध्याकाळी चिंचोके मांडून आपले नाव लिहावे. ज्या मातेस अक्षर येत नाही तिने थोरल्या मुलास अक्षरे मांडावयास लावावे आणि आपणही त्याच्याजवळ शिकावयास बसावे.

लक्ष्मीबाईंजवळ फळा नव्हता व छप्परही नव्हते. पण पहाटेचा धडा त्यांनी चुकविला नाही. त्या धड्यास हातांच्या कामाची जोड मिळाली तेव्हा त्याचे फळ शेकडो अनाथ मुलींनी चाखले. आपल्या घरांत हे दोन्ही एकत्र नांदोत, अशी प्रभूजवळ आमची प्रार्थना आहे.