टेकडीवरच्या ताराबाई

पावसाळ्यात दाभोशाचा धबधबा पाहायला शहरातली कुटुंबे हौसेने जव्हारला जातात. दिवाळी सरली की त्याच जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून माणसे उलट दिशेने निघतात, वीटभट्ट्यांकडे आणि बांधकामांकडे. बरोबर भांडीकुंडी आणि पोरे. आईबाप कामावर असताना पोरांनी राहायचे कुठे? हा प्रश्न या भागाला नवा नाही. आजच्या याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडकांनी तो फार पूर्वी हाती घेतला होता.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. संसार मोडला, पदरी लहान मुलगी. राजकोटला प्राचार्यपदाची मानाची नोकरी होती. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षणाच्या कामाला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला आल्या. सोबतीला अनुताई वाघ.

दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. शिकवण्याआधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे. शिक्षिकेच्या कामात हेही धरलेले असे. वात्सल्य ज्याच्या-त्याच्या स्वभावावर न सोडता ताराबाईंनी ते चक्क वेळापत्रकात बसवले, आणि मला त्यांचे मोठेपण इथेच दिसते.

१९५७ मध्ये काम कोसबाडला, वारली पाड्यांमध्ये आले. इथे मुलेच कष्टकरी. धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली मुलगी शाळेत येणार कशी? म्हणून शाळेला लागून पाळणाघर आले. मुलगा गुरे राखायला जातो? मग शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. मोलमजुरीची वेळ हलत नव्हती, तर शाळेने आपली वेळ आणि जागा हलवली.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक झाली ती २०१७ मध्ये!

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. अनुताई मात्र कोसबाड सोडून कुठे गेल्या नाहीत. १९९२ पर्यंत, अखेरच्या दिवसापर्यंत, टेकडीवरचे काम त्यांनी चालवले.