विसेंते रिवा पालासिओ

विसेंते रिवा पालासिओ (१६ ऑक्टोबर, १८३२:मेक्सिको सिटी, मेक्सिको - २२ नोव्हेंबर, १८९६:माद्रिद, स्पेन) हे मेक्सिकोतील वकील, सेनानी, उदारमतवादी राजकारणी, इतिहासकार आणि कादंबरीकार होते. फ्रेंच हस्तक्षेपाच्या काळात त्यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने लढा दिला. त्या युद्धात दोन्ही पक्षांचे कैदी गोळ्या घालून मारले जात असताना त्यांनी कैद्यांच्या अदलाबदलीचा मार्ग स्वीकारला. मेक्सिको आ त्राव्हेस दे लोस सिग्लोस (शतकानुशतकांतील मेक्सिको) हा पंचखंडी इतिहासग्रंथ त्यांच्या देखरेखीखाली तयार झाला.

कुटुंब आणि शिक्षण

रिवा पालासिओ यांचे वडील मारियानो रिवा पालासिओ हे वकील व राजकारणी होते. आई दोलोरेस ही स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी आणि मेक्सिकोचे दुसरे राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो यांची कन्या. गेरेरो यांनी १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना गुलामगिरी रद्द केली होती. सत्ताच्युत झाल्यावर आकापुल्को बंदरात एका जिनोव्ही जहाजाच्या कप्तानाने त्यांना भोजनाच्या निमित्ताने जहाजावर बोलावले आणि दगाबाजीने शत्रूच्या हवाली केले. १४ फेब्रुवारी, १८३१ रोजी क्विलापान येथे त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. या घटनेनंतर वीस महिन्यांनी जन्मलेल्या नातवाला आजोबांचेच नाव मिळाले. राजकीय शत्रूला बंदिवासात ठार मारणे म्हणजे काय, याची आठवण त्यांच्या घरातच होती.

त्यांचे शिक्षण मेक्सिको सिटीतील सान ग्रेगोरिओ महाविद्यालयात झाले. १८५४ मध्ये त्यांनी वकिलीची सनद मिळवली.

राजकारणात प्रवेश

त्या काळी मेक्सिकोचे राजकारण दोन तटांत विभागले होते. चर्च आणि सैन्य यांचे विशेषाधिकार संपवावेत, असा उदारमतवाद्यांचा आग्रह होता. तर सनातनी पक्षाला ते टिकवायचे होते. रिवा पालासिओ पहिल्या गटात सामील झाले. १८५७ च्या संविधानानंतर भडकलेल्या यादवी युद्धात (१८५८-१८६१) सनातनी सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. उदारमतवाद्यांचा विजय झाल्यावर १८६१ मध्ये ते संसदेचे सदस्य झाले. याच सुमारास त्यांनी हुआन मातेओस यांच्यासह रंगभूमीसाठी नाटके लिहिली. इन्क्विझिशनची (धर्मन्यायालयाची) जुनी दप्तरेही याच काळात सरकारकडून त्यांच्या हाती आली.

फ्रेंच हस्तक्षेप

राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ यांनी १८६१ मध्ये परकीय कर्जाची परतफेड स्थगित केली. हे निमित्त करून फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने मेक्सिकोत सैन्य उतरवले. वकिली बाजूला ठेवून रिवा पालासिओ यांनी स्वखर्चाने एक पथक उभारले आणि ते रणांगणात उतरले. मे १८६३ मध्ये पुएब्ला शहर फ्रेंचांच्या हाती पडले आणि हुआरेझ सरकार उत्तरेकडे सरकले. १८६४ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील मॅक्सिमिलियन मेक्सिकोचा सम्राट झाला. या काळात रिवा पालासिओ यांनी प्रजासत्ताकाच्या वतीने आधी मेक्सिको राज्याचे आणि नंतर मिचोआकानचे राज्यपालपद सांभाळले. प्रत्यक्षात हा कारभार डोंगराळ मुलुखातील सैनिकी तळांवरून चाले. मोठ्या फौजेला तोंड देण्यासाठी गनिमी काव्याचा अवलंब करावा लागे.

३ ऑक्टोबर, १८६५ रोजी मॅक्सिमिलियनने एक फर्मान काढले. सशस्त्र टोळीत पकडल्या गेलेल्या कोणत्याही व्यक्तीस मृत्युदंड द्यावा, असा त्याचा आशय होता. प्रजासत्ताकाचे सैनिक या व्याख्येनुसार दरोडेखोर ठरत होते. फर्मानानंतर काही दिवसांतच मध्य विभागाच्या सेनेचे प्रमुख होसे मारिया आर्तेआगा आणि त्यांचे सहकारी कार्लोस सालासार पकडले गेले. २१ ऑक्टोबर रोजी उरुआपान येथे दोघांसह इतर अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

आर्तेआगा यांच्यानंतर सेनेची सूत्रे रिवा पालासिओ यांच्याकडे आली. त्या वेळी प्रजासत्ताकाच्या ताब्यात मोठ्या संख्येने बेल्जियन कैदी होते. एप्रिल १८६५ मध्ये ताकांबारो येथील लढाईत ते पकडले गेले होते. जशास तसे या न्यायाने त्यांना ठार मारण्याची संधी आणि कारण दोन्ही उपलब्ध होते. खुद्द कैद्यांनीही उरुआपानच्या हत्याकांडाचा निषेध करणारे पत्र मॅक्सिमिलियनला पाठवले. रिवा पालासिओ यांनी सूड घेतला नाही. वाटाघाटी होऊन ५ डिसेंबर, १८६५ रोजी आकुइत्सिओ या गावी दोन्ही बाजूंच्या कैद्यांची अदलाबदल झाली. ज्यांना दरोडेखोर ठरवले होते, त्यांच्याशीच साम्राज्याला बरोबरीच्या नात्याने करार करावा लागला. या गावाचे आजचे नाव आकुइत्सिओ देल कान्हे असे आहे. स्पॅनिशमध्ये कान्हे म्हणजे अदलाबदल.

युद्धकाळातही त्यांची लेखणी थांबली नाही. १८६६ मध्ये सम्राज्ञी कार्लोता मदत मागण्यासाठी युरोपला निघाली, तेव्हा त्यांनी तिला निरोप देणारे एक उपहासगीत रचले. कवी इग्नासिओ रोद्रिगेस गाल्व्हान यांच्या एका निरोपगीताचे ते विडंबन होते. आदिओस, मामा कार्लोता या नावाने ते सैनिकांत लोकप्रिय झाले.

साम्राज्याचा शेवट

फ्रेंच सैन्य परत गेल्यावर १८६७ मध्ये प्रजासत्ताकाच्या सेनेने मॅक्सिमिलियनला केरेतारो शहरात वेढले. या वेढ्यात रिवा पालासिओ सहभागी होते. १५ मे रोजी सम्राट पकडला गेला आणि हुआरेझ सरकारच्या १८६२ च्या कायद्यानुसार त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरण्यात आला. बचावासाठी मॅक्सिमिलियनने मेक्सिको सिटीतून ज्या वकिलांना बोलावून घेतले, त्यांत राफाएल मार्तिनेस दे ला तोर्रे यांच्यासह मारियानो रिवा पालासिओ हेही होते. साम्राज्य पाडण्यासाठी लढलेल्या मुलाचे वडील अशा रीतीने सम्राटाचे वकील झाले. दोघा वकिलांनी सान लुइस पोतोसी येथे जाऊन हुआरेझ यांच्याकडे दयेची याचना केली. ती फेटाळली गेली. १९ जून, १८६७ रोजी मॅक्सिमिलियनला गोळ्या घालण्यात आल्या.

लेखन

युद्ध संपल्यावर रिवा पालासिओ यांनी सैन्यातील पद सोडले. काही काळ ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. काल्व्हारिओ इ ताबोर (१८६८) ही त्यांची कादंबरी फ्रेंचांविरुद्धच्या युद्धावर आहे. इन्क्विझिशनच्या दप्तरांतून त्यांना वसाहतकालीन कथानके मिळाली. मोन्हा इ कासादा, व्हिर्हेन इ मार्तिर (१८६८), मार्तिन गारातुसा (१८६८) आणि मेमोरियास दे उन इम्पोस्तोर (१८७२) या त्यांतील प्रमुख कादंबऱ्या होत. मेक्सिकोच्या इतिहासातील हिंसक मृत्यूंच्या कथा सांगणारे एल लिब्रो रोहो (१८७०) हे पुस्तक त्यांनी मान्युएल पायनो व इतरांसह लिहिले. सम्राटाचे वकील मार्तिनेस दे ला तोर्रे हेही त्याच्या लेखकांपैकी एक होते. रोसा एस्पिनो या स्त्रीनामाने त्यांनी कविताही प्रसिद्ध केल्या.

मंत्रिपद, तुरुंगवास आणि इतिहासग्रंथ

एल आउइसोते या व्यंगचित्रपत्रातून त्यांनी राष्ट्राध्यक्ष सेबास्तियान लेर्दो दे तेहादा यांच्यावर टीका केली आणि पोर्फिरिओ दियाझ यांच्या उठावाला पाठिंबा दिला. दियाझ सत्तेवर आल्यावर ते विकासकार्य खात्याचे मंत्री झाले. राष्ट्रीय खगोल वेधशाळेची स्थापना आणि अझ्टेक राजा क्वाउतेमोक याच्या स्मारकाचा निर्णय ही त्यांच्या कारकिर्दीतील कामे होत.

पुढे संसदेत त्यांनी राष्ट्राध्यक्ष मान्युएल गोन्सालेस यांच्या सरकारला विरोध केला. परिणामी त्यांना सान्तिआगो त्लातेलोल्को येथील लष्करी तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे त्यांनी मेक्सिको आ त्राव्हेस दे लोस सिग्लोस या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाचे बरेचसे लेखन केले. स्पॅनिश राजवटीचा काळ हा त्या खंडाचा विषय. स्थानिक जमाती आणि स्पॅनिश यांच्या संकरातून मेक्सिकन राष्ट्र घडले, अशी त्यांची भूमिका होती. आलफ्रेदो चावेरो, हुलिओ साराते, एन्रिके ओलाव्हार्रिआ इ फेर्रारी आणि होसे मारिया व्हिहिल यांनी अन्य खंड लिहिले. उदारमतवादी लेखकांनी प्राचीन काळ, परकीय राजवट आणि स्वातंत्र्योत्तर संघर्ष हे सर्व एकाच राष्ट्राच्या इतिहासात गुंफले.

अखेरची वर्षे

१८८६ मध्ये त्यांची स्पेन व पोर्तुगालमधील मेक्सिकोचे राजदूत म्हणून नेमणूक झाली. सन्मानाची असली, तरी या नेमणुकीमुळे ते देशाच्या राजकारणापासून दूर गेले. २२ नोव्हेंबर, १८९६ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या लघुकथांचा संग्रह कुएन्तोस देल हेनेराल (सेनापतीच्या कथा) त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पुढे त्यांचे अवशेष मायदेशी आणण्यात आले. मेक्सिको सिटीतील थोर व्यक्तींच्या स्मारकस्थळी ते ठेवलेले आहेत.