तीन आण्यांचे मायबाप

दादासाहेब फाळके म्हटलं की लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा, 'राजा हरिश्चंद्र' आणि ३ मे १९१३ ही तारीख डोळ्यांपुढे उभी राहते. ते बरोबरच आहे. पण मला या चरित्रात नेहमी आधी दिसते ती दादरच्या बिऱ्हाडातली चूल. पहिल्या चित्रपटाच्या वेळी साठेक माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके रांधत होत्या. दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहायचं, रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची आणि मधल्या वेळात पंगत उठवायची. तारामतीचं काम त्यांनीच करावं, असं दादासाहेबांनी सुचवून पाहिलं होतं. बाईंनी नकार दिला. घरचा एवढा रगाडा दुसरं कोण उपसणार होतं?

शेवटी तारामती मिळाली तीही खाण्याच्याच जागी. कुलीन बायका सोडाच, बदनाम वस्तीतल्या बायकाही कॅमेऱ्यापुढे यायला तयार नव्हत्या. तेव्हा ग्रँट रोडकडच्या एका खाणावळीत काम करणारा साळुंके नावाचा नाजूक हातांचा तरुण दादासाहेबांच्या नजरेत भरला. तिथे त्याला महिना १० रुपये मिळत. फाळक्यांनी १५ देऊ केले, असं सांगतात.

धुंडिराज गोविंद फाळके हे त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यात फोटोग्राफी. तिथे प्लेगनं पहिली पत्नी आणि मूल नेलं. पुढे पुराणवस्तू खात्यात नोकरी, मग छापखाना, मग भागीदाराशी बेबनाव. चाळिशीत गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि राम-कृष्णही असेच पडद्यावर चालावेत, या कल्पनेनं त्यांना झपाटलं. विम्याची पॉलिसी गहाण पडली, बाईंचे दागिने गेले, डोळेही काही काळ गेले होते. १९१२ साली लंडनला जाऊन ते यंत्रसामग्री घेऊन आले.

हे सगळं त्यांनी कुणासाठी केलं? मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात पहिला खेळ झाला तेव्हा तिकीट होतं एक रुपया. म्हणजे साहेबांची आणि शेठजींची करमणूक. नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांची जागा निघाली आणि साध्या माणसाला आत वाट मिळाली. फाळक्यांचा सगळा धंदा या माणसावर उभा राहिला आणि त्याचा हिशेब त्यांना नेमका कळला होता. सुरतेत 'राजा हरिश्चंद्र'ला गर्दी होईना. दोन आण्यांत सहा तास नाटक बघायची सवय असलेले लोक दीड तासाच्या खेळाला तीन आणे का मोजतील? फाळक्यांनी जाहिरात केली, की तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रं आणि तीही दोन मैल लांबीची. चित्रपट होता ३७०० फुटांचा, पाऊण मैलही भरत नाही! पण मापात वस्तू घेणाऱ्या गिऱ्हाइकाशी मापाची भाषा बोलावी लागते, हे त्या शास्त्र्याच्या मुलाला उमगलं होतं. गर्दी लोटली.

१९१७ च्या 'लंकादहन'नं तर कहर केला. गिरगावात सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालले. मद्रासेत जमलेली नाणी बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली. नोटा नव्हेत, नाणी. चणे-शेंगदाण्यांची पुडी घ्यायला कनवटीला ठेवतात, तीच चिल्लर. राम पडद्यावर आला की लोक वहाणा काढत. हा राम आणि त्याची सीता, दोन्ही तो खाणावळीतला साळुंकेच.

या प्रेक्षकाची मला ओळख आहे. आमच्याकडे जत्रेत तंबू लागे. यंत्र एकच, त्यामुळे दर रिळाला दिवे लागत. दिवे लागले की शेंगा, फुटाणे, गोटीच्या बाटलीतला सोडा घेऊन पोरं बसलेल्यांमधून वाट काढत फिरत. खेळ संपेपर्यंत जमिनीवर टरफलांचा थर झालेला असे. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा याच लोकांनी चपला बाहेर काढल्या, पडद्यावर पैसे फेकले. लंकादहनाच्या गोष्टी मी नंतर वाचल्या. मला त्या दंतकथा वाटल्या नाहीत. अलीकडे एका मल्टिप्लेक्सच्या दारात माझ्या पिशवीतली चिवड्याची पुडी काढून घेतली गेली. बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा मालकांना हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलंच आहे. फक्त पाणी फुकट द्यावं. आत पॉपकॉर्न होतं, माझ्या तिकिटाहून महाग. आज तीन आण्यांवाल्याला गाठायला दादासाहेबांनी कसली जाहिरात लिहिली असती, कुणास ठाऊक.

नाण्यांची गाडी मात्र त्यांच्या दारी फार दिवस थांबली नाही. १९१८ साली भांडवलदारांच्या साथीनं नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली, लोकांनी डोक्यावर घेतली. पण भागीदारांना नफ्याचा हिशेब हवा होता आणि यांना मनासारखं चित्र. भांडून ते काशीला गेले, नाटक लिहिलं, पुन्हा परतले. तोवर बोलपट आला. 'सेतुबंधन'ला मागून आवाज जोडावा लागला. कोल्हापुरात केलेला १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकुलता बोलपट आणि शेवटचाही.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात दादासाहेब गेले, तेव्हा गाठीशी फारसं काही उरलेलं नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो आहे. त्या साठ माणसांच्या पंगतीचं बिल कुणी कधी काढलं नाही.