हॅल फिनी

हॅरोल्ड थॉमस फिनी (दुसरे) ऊर्फ हॅल फिनी (जन्म : ४ मे १९५६, कोअलिंगा, कॅलिफोर्निया, मृत्यू : २८ ऑगस्ट २०१४, फीनिक्स, ॲरिझोना) हे अमेरिकन संगणक-आज्ञावलीकार व कूटलेखनतज्ज्ञ होते. बिटकॉइन या कूटचलनातील पहिल्या व्यवहाराचे स्वीकारकर्ते म्हणून ते प्रसिद्ध आहेत. व्यवहारांची पडताळणी कोणाही मध्यस्थावर विश्वास न ठेवता आणि सामान्य संगणकावर करता यावी, यासाठी त्यांनी केलेले काम मात्र तुलनेने कमी परिचित आहे. बिटकॉइनच्या डिजिटल स्वाक्षऱ्या अधिक वेगाने तपासण्याची त्यांनी दाखवून दिलेली पद्धत त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी प्रत्यक्ष वापरात आली.

शिक्षण व सुरुवातीची कारकीर्द

फिनी यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (कॅलटेक) या संस्थेतून १९७९ मध्ये अभियांत्रिकीची पदवी मिळवली. त्यानंतर काही काळ ते व्हिडिओ खेळांच्या आज्ञावल्या लिहीत होते. अटारी २६०० या यंत्रासाठी तयार झालेले ॲडव्हेंचर्स ऑफ ट्रॉन, ॲस्ट्रोब्लास्ट व स्पेस अटॅक हे खेळ त्यांच्या नावावर आहेत. या यंत्राची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट होती. त्यामुळे प्रत्येक बाइट जपून वापरणे ही त्या काळच्या आज्ञावलीकारांची गरजच होती.

पीजीपी आणि सायफरपंक चळवळ

१९९० च्या दशकाच्या आरंभी फिनी सायफरपंक चळवळीत सामील झाले. नागरिकांचे खासगीपण कायद्याइतकेच कूटलेखनानेही राखता येते, अशी या गटाची धारणा होती. फिल झिमरमन यांच्या पीजीपी या ई-पत्रे कूटबद्ध करणाऱ्या आज्ञावलीची दुसरी आवृत्ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या निर्मितीत फिनी यांचा मोठा वाटा होता. पुढे ते पीजीपी कंपनीत नोकरीस लागले आणि २०११ मधील निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. पाठवणाऱ्याची ओळख लपवून पत्र पुढे धाडणारी सेवा कूटलेखनाच्या आधारे चालवणाऱ्या पहिल्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते.

त्या काळी अमेरिकी निर्यात-नियमांमुळे परदेशी पाठवल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालींत केवळ ४० बिट लांबीची किल्ली वापरता येत असे. ही सुरक्षा किती तोकडी आहे हे दाखवण्यासाठी फिनी यांनी १९९५ मध्ये अशा किल्लीने कूटबद्ध केलेला एक संवाद जाहीर करून तो उलगडण्याचे आव्हान दिले. फ्रान्समधील संशोधक दामिएँ दोलिजे यांनी अनेक संगणक एकत्र जुंपून त्याच वर्षी ते पूर्ण केले.

पुनर्वापरयोग्य कार्यप्रमाण

कागदी नोट एकाला दिली की ती देणाऱ्याकडे उरत नाही. संगणकातील नाण्याची मात्र हवी तितक्या वेळा नक्कल करता येते. त्यामुळे एकच नाणे दोनदा खर्च होऊ न देणे हा डिजिटल चलनापुढील मूळ प्रश्न होता. ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या हॅशकॅश या पद्धतीत संगणकाने काही काळ आकडेमोड केल्याचा पुरावा तयार होत असे, परंतु तो एकदाच वापरता येई. फिनी यांनी २००४ मध्ये या पुराव्याला हस्तांतरणीय नाण्याचे रूप दिले. वापरलेले नाणे सर्व्हरकडे पाठवल्यावर त्याच मूल्याचे नवे नाणे मिळे.

सर्व्हरच्या चालकावरही विश्वास ठेवावा लागू नये, म्हणून ही आज्ञावली आयबीएम ४७५८ या छेडछाड-प्रतिबंधक कार्डावर चालत असे. तेथे कोणती आज्ञावली चालू आहे, हे वापरकर्त्याला दुरून तपासता येई. कार्डातील जागा मर्यादित असल्याने खर्च झालेल्या नाण्यांची यादी बाहेरच्या संगणकावर साठवावी लागे. त्या यादीत कोणी फेरफार केल्यास तो हॅशवृक्षाच्या साहाय्याने कार्डाच्या लक्षात येत असे. यादी विश्वासार्ह राहिली, तरी प्रत्येक व्यवहारागणिक ती वाढतच जाणार होती आणि सर्व्हरही एकच होता. या दोन मर्यादा कायम राहिल्या.

बिटकॉइन

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची संकल्पना जाहीर झाली, तेव्हा तिची गांभीर्याने दखल घेणाऱ्या मोजक्या जाणकारांत फिनी होते. जानेवारी २००९ मध्ये आज्ञावली उपलब्ध होताच त्यांनी ती आपल्या संगणकावर चालवली आणि आढळलेल्या त्रुटी नाकामोतो यांना कळवल्या. १२ जानेवारी २००९ रोजी नाकामोतो यांनी त्यांना १० बिटकॉइन पाठवले. १७० व्या ब्लॉकमध्ये नोंदलेला हा व्यवहार दोन व्यक्तींमधील पहिला बिटकॉइन व्यवहार मानला जातो. नाकामोतो म्हणजे फिनीच असावेत, असा तर्क पुढे अनेकांनी केला. फिनी यांनी तो नाकारला.

स्वाक्षरी-पडताळणीचा वेग

बिटकॉइनमध्ये मध्यवर्ती सर्व्हर नाही. जाळ्यात नव्याने येणाऱ्या पूर्ण नोडला पहिल्या ब्लॉकपासूनची खातेवही उतरवून घेऊन स्वतः तपासावी लागते. हे काम फार संथ झाले, तर सामान्य वापरकर्ता ते इतरांवर सोपवतो आणि मध्यस्थ टाळण्याचा मूळ हेतूच निष्फळ ठरतो. म्हणून पडताळणीच्या वेगाला केवळ सोयीपलीकडचे महत्त्व आहे.

या तपासणीतील सर्वांत जड काम म्हणजे स्वाक्षऱ्यांची पडताळणी. तीत सेकपी२५६के१ या एलिप्टिक वक्रावरील बिंदूला २५६ बिटांच्या संख्येने गुणावे लागते. त्यासाठी बिंदू सुमारे २५६ वेळा दुप्पट करावा लागतो. या वक्राचा एक विशेष गुणधर्म असा की, बिंदूच्या एका निर्देशकाला एका ठरावीक संख्येने गुणले असता त्या बिंदूची एक प्रचंड पट जवळजवळ विनासायास मिळते. त्याचा उपयोग करून मोठा गुणक सुमारे १२८ बिटांच्या दोन भागांत विभागता येतो आणि दोन्ही भागांचे गणित एकत्र चालवल्यास दुपटीच्या पायऱ्या निम्म्यावर येतात. ही पद्धत गॅलंट, लॅम्बर्ट व व्हॅनस्टोन यांनी २००१ मध्ये मांडली होती. फिनी यांनी २०११ मध्ये ती बिटकॉइनच्या वक्रासाठी प्रत्यक्ष आज्ञावलीत उतरवली. त्यामुळे पडताळणीचा वेग सुमारे एक चतुर्थांशाने वाढत असल्याचे दिसून आले.

आजारपण व निधन

ऑगस्ट २००९ मध्ये फिनी यांना ॲमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (एएलएस) हा असाध्य विकार झाल्याचे निदान झाले. या विकारात स्नायूंवर नियंत्रण ठेवणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात. स्वाक्षरी-पडताळणीवरील वरील काम निदानानंतरचे आहे. पुढे हातांची हालचाल थांबल्यावर ते डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने आज्ञावली लिहीत. त्यांच्या स्वतःच्या अंदाजानुसार त्यांचा वेग पूर्वीच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्यावर आला होता. तरीही २०१३ मध्ये ते बिटकॉइन-पाकिटातील किल्ल्या अधिक सुरक्षित ठेवणाऱ्या आज्ञावलीवर काम करत होते. २८ ऑगस्ट २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार ॲरिझोनातील अल्कोर या संस्थेने त्यांचा देह अतिशीत अवस्थेत जतन केला आहे.

वारसा

फिनी यांच्या आज्ञावलीपासून प्रेरणा घेऊन पीटर व्हुइले यांनी २०१३ मध्ये सेकपी२५६के१ वक्रासाठी स्वतंत्र संचिका लिहिण्यास प्रारंभ केला. २०१६ च्या आरंभी बिटकॉइन कोअरच्या ०.१२ आवृत्तीत तिने पडताळणीसाठी ओपनएसएसएलची जागा घेतली आणि हे काम कित्येक पटींनी जलद झाले. गुणक विभागण्याची युक्ती मात्र सर्टिकॉम कंपनीच्या एकस्वामुळे संचिकेत असूनही बंद ठेवावी लागली. सप्टेंबर २०२० मध्ये एकस्वाची मुदत संपल्यावर ती सुरू करण्यात आली आणि जानेवारी २०२१ च्या ०.२१ आवृत्तीपासून सर्वसामान्य नोडवर चालू लागली.

साठवणुकीच्या बाजूने २०१३ मधील ०.८ आवृत्ती महत्त्वाची ठरली. तीत केवळ खर्च न झालेल्या रकमांची नोंद लेव्हलडीबी या जलद कोठारात ठेवली जाऊ लागली. फिनी यांच्या २००४ च्या रचनेत खर्च झालेल्या नाण्यांची यादी कधीच कमी होत नसे. येथे मात्र रक्कम खर्च होताच तिची नोंद पुसली जाते. एकच नाणे दोनदा खर्च होऊ नये, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

फिनी यांना लांब पल्ल्याच्या धावण्याची आवड होती. २०२३ पासून त्यांच्या स्मरणार्थ एएलएस रुग्णांच्या मदतीसाठी निधी उभारणारा धावण्याचा उपक्रम आयोजित केला जातो.