बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (जन्म : ३ जून १८९०, कोल्हापूर, मृत्यू : १६ जानेवारी १९५४, कोल्हापूर) हे चित्रकार, शिल्पकार आणि मूकपटांच्या काळातील अग्रगण्य मराठी दिग्दर्शक होते. आरंभी ते आनंदराव पेंटर यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. १९१६ साली आनंदराव वारले. त्यांचे अपुरे राहिलेले कॅमेऱ्याचे काम बाबूरावांनी पुरे केले व कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली.

पात्रांचे पोशाख, हालचाली व दृश्ये ते चित्रीकरणापूर्वी कागदावर रेखाटीत. मूकपटात ना तलवारीचा खणखणाट, ना जखमीची किंकाळी. त्यामुळे लढतीचा चढउतार केवळ हालचाल आणि छायाप्रकाश यांतूनच साधावा लागे. 'सैरंध्री' (१९२०) मधील कीचकवध इतका उग्र उतरला, की ते दृश्य सेन्सॉरने वगळावयास लावले.

'सिंहगड' (१९२३) हा हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर आधारलेला होता. शेवट आधीच ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला खिळवून ठेवणे सोपे नव्हे. रात्रीच्या त्या लढाईसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय चित्रपटात हा उपयोग नवा होता. यात व्ही. शांताराम शेलारमामांच्या भूमिकेत होते.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम हे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात'ची स्थापना केली. बाबूराव पुढे पुन्हा चित्र-शिल्पाकडे वळले. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत.